कंच्या हाताचा

पेपर सोमवारी. आज शुक्रवार,
आणि मी अजून दुसऱ्या कवितेच्या तिसऱ्या कडव्यात.

कुटिन्हो मिस म्हणाल्या होत्या, पाठ नका करू, वाचा.
शबिस्ता म्हणते, वाचत बसलीस तर नापास होशील,
पाच वर्षांचे पेपर काढ, काय फिरून फिरून येतं ते बघ,
तेवढंच कर.
तिच्या गाइडात पिवळा रंग म्हणजे प्रतिमा,
गुलाबी म्हणजे आशय, आणि हिरवा म्हणजे
नक्की काय, ते तिलाही आता आठवत नाही.

मी माळ्यावर बसते. पंखा खालच्या खोलीत,
वर त्याचा फक्त आवाज येतो.
पत्र्याला डोकं लागू नये म्हणून वाकून वाचायचं;
बघणाऱ्याला वाटावं, केवढी नम्र आहे ही
इंग्रजी साहित्यापुढे.

कविता अशी: बर्फ पडलाय.
एक माणूस कुंपणापाशी थांबतो. खाली हातमोजा पडलेला.
एकच. तो उचलत नाही. पुढे जातो. संपली.
सोळा ओळी, दहा गुण.
गाइड म्हणतं, हातमोजा हे विरहाचं प्रतीक होय.
गाइड म्हणतं, बर्फ हे मृत्यूचं प्रतीक होय.
कुंपणाबद्दल गाइड काही म्हणत नाही,
बहुतेक पान संपलं असावं.

मी ते डोळे मिटून म्हटलं. मग न अडखळता म्हटलं.
मग स्वतःच्या शब्दांत,
म्हणजे गाइडच्याच, क्रम उलटा करून.

अकराला आई आली ससून डॉकवरून.
पहाटे तीनपासून कोळंबी सोलत होती.
बोटं पांढरी पडलेली, सुरकुतलेली,
तिनं ती कोमट पाण्याच्या टोपात बुडवली
आणि वर बघून म्हणाली, काय पुटपुटतेस?
सांगितलं. बर्फ, माणूस, कुंपण, मोजा.
प्रतीक हा शब्द मी गाळला.
ती थोडा वेळ पाण्यात बोटं हलवत राहिली.

"कंच्या हाताचा?"

काय कंच्या हाताचा?

"मोजा गो. डावा का उजवा?"

पुस्तक पाहिलं. सोळाही ओळी. दिलेलं नाही.
गाइडात नाही. पाच वर्षांत कुणी विचारलेलं नाही.

"आमाला मुकादमानं रबरी दिलेले," आई म्हणाली,
"उजवा कोनीच घालत नाय. बर्फात हात मरतो,
पन मोजा घालून कोलंबी सोलत नाय गो.
डावा पडतो. उजवा काढायला लागतो.
गाठ सोडायला, नाय तर पैसे मोजायला,
नाय तर कोनाच्या तोंडावरून हात फिरवायला."
मग म्हणाली, भात लाव.

तीन शिट्ट्या होईपर्यंत
मी ती कविता पुन्हा वाचली. खरं तर पहिल्यांदा.
चौथ्या ओळीत कुंपणाला फाटक होतं, फाटकाला कडी.
हे मी रंगवलेलंसुद्धा नव्हतं.
कुणीतरी कडी काढायला हात उघडा केला असणार,
आत गेलं असणार. किंवा बाहेर.
आणि तो माणूस मोजा उचलत नाही,
कारण कुणाचा ते त्याला ठाऊक आहे.
की मीच घुसवतेय हे सगळं?

शबिस्ताला फोन केला. ती म्हणाली, मस्त आहे,
पण याला गुण कोण देणार?
मॉडेल आन्सरमध्ये आहे का?

तर असं ठरवलंय:
आधी विरह, मग बर्फ, मग मृत्यू, दीड पान,
तपासणारा खूश. वेळ उरला
तर शेवटच्या परिच्छेदात उजवा हात.
घड्याळ लावून लिहून पाहिलं.
सात मिनिटं कमी पडतात.

खाली आई झोपलीय, भिंतीकडे तोंड करून,
तळहात उघडा.
पुन्हा घड्याळ लावते. या वेळी हातापासून सुरुवात.
बर्फाचं काय करायचं
ते अजून ठरत नाही.